आतडे, पाणी आणि प्रयोगशाळा

दलित साहित्याने पोटाविषयी पुष्कळ लिहिले. भूक, भाकरी, उष्टे अन्न हे सारे आपल्या आत्मकथनांत आणि कवितांत आले. परंतु खाल्लेले अन्न अंगी का लागत नाही, हा प्रश्न मात्र आपण डॉक्टरांवर सोपवून मोकळे झालो. वस्तीतले मूल वयाच्या मानाने खुजे राहिले की 'यांची हाडपेरच तशी' असे म्हणणारे आजही भेटतात. या एका वाक्यात जातिव्यवस्थेचे सगळे शरीरशास्त्र सामावले आहे. दोष जन्माचा, बीजाचा. परिस्थितीचा त्यात काही हात नाही! मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. गेल्या काही वर्षांत आतड्यावर जे संशोधन झाले, ते हे वाक्य समोर ठेवून समजून घ्यावे असे मला वाटते.

लहान आतड्याचे आतले अस्तर एकाच पेशीच्या जाडीचे असते. त्यावर बोटांसारखे असंख्य उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. अन्नरस शोषला जातो तो त्यांच्याद्वारे. रसांकुरांच्या पायथ्याशी खळगे असतात आणि खळग्यांच्या तळाशी मूलपेशी. तेथे जन्मलेली पेशी वर सरकत जाते व टोकाशी पोचली की गळून पडते. चार-पाच दिवसांत हे अस्तर जवळजवळ नवे होते.

या मूलपेशी ओळखण्याची खूण 2007 साली नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे, ह्युब्रेख्त संस्थेतील हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत सापडली. जपानमधील पोटविकारतज्ज्ञ तोशिरो सातो पुढील संशोधनासाठी तेथे आले होते. त्यांनी उंदराच्या आतड्यातील मूलपेशी जेलीसारख्या पदार्थात ठेवून तिला वाढीची द्रव्ये पुरवली. एकट्या पेशीपासून एक पोकळ गोळा तयार झाला. त्याला खळग्यांसारखे कोंब फुटले आणि आतड्यातल्या निरनिराळ्या प्रकारच्या पेशी त्यात आपापल्या जागी दिसू लागल्या. हे 2009 साली प्रसिद्ध झाले. 2011 साली माणसाच्या आतड्याबाबतही ते साधले. या चिमुकल्या आतड्याला ऑर्गनॉइड म्हणतात. रोग्याच्या आतड्याचा कणभर तुकडा दुर्बिणीतून काढून त्याचे ऑर्गनॉइड वाढवता येते आणि त्या माणसाचे आनुवंशिक गुण त्यात टिकून राहतात. म्हणून औषध रोग्याला देण्यापूर्वी त्यावर तपासून पाहता येते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात नेदरलँड्समध्ये तसे केलेही गेले.

उलट्या-जुलाबांच्या एका विषाणूची गोष्ट यावर अधिक प्रकाश टाकते. अमेरिकेतील नॉरवॉक गावच्या शाळेत 1968 साली साथ आली. 1972 साली तिचा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. आज त्याला नोरोव्हायरस म्हणतात. मानवी नोरोव्हायरस प्रयोगशाळेत सातत्याने वाढवणे मात्र पुढची चाळीसहून अधिक वर्षे कुणाला जमले नाही. 2016 साली ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात मेरी एस्टिस यांच्या गटाने तो मानवी आतड्याच्या ऑर्गनॉइडमध्ये वाढवला. त्याच्या काही वाणांना त्यासाठी पित्तही घालावे लागले. आणखी एक गोष्ट तेथे स्पष्ट दिसली. आतड्याच्या पेशींवर एक विशिष्ट शर्करा नसेल, तर या विषाणूचे बहुतेक वाण तेथे शिरू शकत नाहीत. ही शर्करा असणे वा नसणे जन्मजात असते.

म्हणजे बीजाचाच मुद्दा खरा ठरला का? ही शंका रास्त आहे. एकाच घरातील दोन भावांत एकाला ही शर्करा असेल, दुसऱ्याला नसेल. इतका हा फरक व्यक्तीचा आहे. शिवाय जन्माने दार उघडे असले, तरी विषाणू दारापर्यंत आणतो कोण? विष्ठेने दूषित झालेले पाणी, अन्न आणि हात.

याचा पुरावा जुनाच आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेच्या पीस कोअरचे तरुण स्वयंसेवक त्या काळच्या पाकिस्तानात काम करायला आले. ही तरुण मंडळी सधन देशात, पोटभर खाऊन वाढलेली होती. तेथे राहिल्यावर त्यांच्या आतड्याचे नमुने तपासले, तेव्हा अनेकांचे रसांकुर आखूड व बोथट झालेले आढळले, शोषणशक्ती घटलेली आढळली. मायदेशी परतल्यावर हळूहळू त्यांची आतडी पूर्ववत झाली. या स्वयंसेवकांचे बीज बदलले नव्हते. बदलला होता तो परिसर! गरीब वस्त्यांतील मुलांच्या आतड्याची अशीच अवस्था आढळते आणि मुलांची वाढ खुंटण्याशी तिचा संबंध जोडला जातो. फरक एवढाच की आपल्या मुलांना परतायला दुसरा देश नाही.

ऑर्गनॉइडची मर्यादा येथेच लक्षात येते. मूळ ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात, जंतूंशी लढणाऱ्या रक्तपेशी नसतात. संशोधक त्यांची भर एकेक करून घालू पाहत आहेत. त्याला मिळणारे पाणी निर्जंतुक असते. रोग पेशीत कसा घडतो हे ते सांगेल, पण तो याच वस्तीत का घडतो हे सांगणार नाही. हा दुसरा प्रश्न समाजाला विचारावा लागतो.

आपल्या चळवळीने तो 20 मार्च 1927 रोजी महाडला विचारला. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले; सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. शेणाने पाणी शुद्ध होते आणि माणसाच्या स्पर्शाने बाटते, असे मानणारा तो समाज होता. शुद्धाशुद्धतेची ही कल्पना आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांचा मेळ कधीच बसणार नाही. मैला वाहून नेण्याच्या प्रथेवर 2013 साली नवा कायदा झाला, तरी गटारात उतरणारा माणूस कोणत्या जातीचा असतो हे वाचकांना सांगायला नको. गावाची विष्ठा ज्याच्या अंगावर, त्याच्याच आतड्याला जंतूंचा धोका सर्वाधिक.

म्हणून आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी या प्रयोगशाळांत जरूर जावे. ऑर्गनॉइड वाढवायला शिकावे, औषधे शोधावीत. मात्र तेथे जाताना आपला प्रश्नही सोबत न्यावा. आणि जे जाणार नाहीत त्यांनी एक साधे काम करावे. अंगणवाडीत मुलांच्या वजनाची नोंद होते, तिच्या शेजारी वस्तीच्या विहिरीच्या व नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागून ठेवावा. ते दोन कागद एकत्र वाचले, की हाडपेरीची भाषा बोलणाऱ्याला उत्तर देणे सोपे जाईल.