कोरा रकाना

सकाळी ८. वॉर्डात आले की आधी जाड रजिस्टर उघडते. अपेंडिक्सचे रुग्ण. कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाला नुसत्या अँटिबायोटिकवर ठेवलं, आणि महिन्याने, तीन महिन्यांनी, वर्षाने प्रत्येकाची तब्येत कशी आहे, हे त्यात भरायचं. शेवटचे तीन रकाने भरणं हेच माझं खरं काम.

८.३०. राउंड. धडगावकडून रात्रीच घाट उतरून आलेला एक तरुण पोट धरून पडलाय. दुखणं उजव्या कुशीत, अंगात ताप. सर्जन डॉक्टरांनी आधी त्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा पाहिला आणि सिकलसेलची तपासणी सांगितली. नंदुरबारात सिकलसेल नेहमीचा, म्हणून ही सवय हवीच. सिकलसेलच्या वेदनांचा झटका पोटात आला की तो हुबेहूब अपेंडिक्ससारखा वाटतो. मी लॅबमध्ये जाऊन उभी राहिले. टेक्निशियनने नळीमागे रेघांचा कागद धरला. द्रावण गढूळ, एकही रेघ दिसेना, म्हणजे सिकलसेलचा संशय. सोनोग्राफीत अपेंडिक्स ठीक. पक्क्या निदानासाठी नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला गेला, सलाईन आणि वेदनाशामक सुरू झालं. त्याचं नाव माझ्या रजिस्टरात चढलं नाही. चढलं असतं तर ‘औषधाने बरा’ असा खोटा मोजला गेला असता.

११.३०. नव्या ज्युनिअर डॉक्टरांनी विचारलं, “ताई, ऑपरेशनवाल्यांच्या जखमेत पू जास्त, मुक्कामही जास्त. मग औषधच बरं ना?” मी केसपेपर पुढे ठेवले. फुटलेलं अपेंडिक्स थेट टेबलावर जातं, साधी केस औषधावर राहते. सुरुवातच वेगळी, तर शेवट कसा ताडून पाहायचा? फिनलंडच्या डॉक्टरांनी म्हणूनच गुंतागुंत नसलेले ५३० रुग्ण घेतले आणि कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठीवर सोपवलं. औषधाच्या गटातल्या सुमारे २७ टक्के रुग्णांना वर्षभरात ऑपरेशन लागलं. पाच वर्षांत सुमारे ३९ टक्क्यांचं दुखणं उलटलं. अपेंडिक्समध्ये खडा असेल तर औषधावर त्रास वाढण्याची शक्यता जास्त, हे २०२० च्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. शहरात दुखणं उलटलं तर रिक्षा मिळते. सातपुड्यातल्या पाड्यावरून झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. आकडा तोच, पण इथे तो फार जड आहे.

३. डिस्चार्ज. मोलगीकडच्या एक आजी. तारीख सांगितली तर ती कार्डावरच राहते. म्हणून म्हटलं, “आजी, चौथ्या बाजाराला ये.” त्यांनी अंगठ्याने बोटाची चार पेरं मोजली आणि मान हलवली.

६. फोन. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत गेलीत. संध्याकाळी ती खोपीवर परततात. रुग्ण आला नाही म्हणजे बरा झाला असेल, असं मी कधीच धरत नाही. एकाचा नंबर मुकादमाचा निघाला. दहा मिनिटांनी तो स्वतः बोलला. “बरं आहे ताई.” पुन्हा कधी दुखलं का, विचारलं. जरा थांबून म्हणाला, “हां, इकडेच कापलं.” ऑपरेशनची नोंद केली, पण नाव औषधाच्याच गटात ठेवलं. सुरुवात तिथे झाली होती.

पुढचा नंबर बंद. त्याच्या गावच्या आशाताईंना लावला. त्या म्हणाल्या, “काठी गावच्या होळीला येतील सगळे.” कोऱ्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं: होळी.