"सगळ्यांचं तेच आलं होतं, बाई!"

पाचवीच्या वर्गात अपूर्णांकांची बेरीज चालू होती. फळ्यावर १/२ + १/३ दिलं आणि वह्या बघत फिरत होते. बहुतेकांनी वरचे वर, खालचे खाली मिळवून २/५ करून ठेवलेलं. (ही चूक दरवर्षी होते, तुमच्याही वर्गात होत असेलच. अर्ध्यात काहीतरी मिळवून उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे कोणाच्या लक्षातच येत नाही!) एका मुलीच्या वहीत मात्र २/५ च्या मागे खोडलेलं उत्तर पुसट दिसत होतं. ५/६. बरोबर उत्तर तिनेच खोडलं होतं. का गं, विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांचं तेच आलं होतं, बाई."

तिला रागवणार तरी कसं? 'सगळ्यांसारखं वाग' हे आपणच घरी-शाळेत सांगत आलोय. पण या सांगण्यात आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो.

पहिली म्हणजे नियम. आपण वाहनं रस्त्याच्या डावीकडून चालवतो, अमेरिकेत उजवीकडून. कुठलीच बाजू मुळात जास्त बरोबर नाही, सगळ्यांनी एकच धरली की टक्कर टळते एवढंच. शुद्धलेखनाचंही तसंच. जुन्या पुस्तकांत 'नाहीं', 'झालें', 'कवि' असं दिसतं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने मान्य केले, त्यात उच्चारात नसलेले असे अनुस्वार गेले आणि 'कवि'चा 'कवी' झाला. म्हणजे आजोबा चुकीचं लिहीत नव्हते. तरीही आज मुलांनी 'कवी'च लिहावं, कारण एकसारखं लिहिलेलं वाचायला सोपं जातं.

दुसरी गोष्ट मानक. हेल्मेटवर आयएसआय शिक्का असतो ना, त्यामागे आयएस ४१५१ हे मानक आहे. हेल्मेट धक्का किती शोषून घेतं हे त्यात तपासतात. ते कितीजणांना आवडलं, हा प्रश्नच येत नाही. ५/६ हे उत्तरही असंच आहे. कागदाच्या पट्टीचे सहा सारखे भाग करा, तीन रंगवा, आणखी दोन रंगवा. संपलं. वर्गातल्या चाळीस जणांनी हात वर केले तरी पट्टी बदलत नाही.

तिसरी गोष्ट इतरांची अपेक्षा, आणि खरा घोळ इथेच आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने साधा प्रयोग केला. एक रेघ दाखवायची आणि तीन रेघांतली तेवढ्याच लांबीची कोणती, ते मोठ्याने सांगायचं. लहान मूलही सांगेल असं. पण गटातले बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देत. अशा वेळी साधारण एक तृतीयांश उत्तरं गटासारखी, म्हणजे चुकीची आली. आणि ही सगळी मोठी, कॉलेजातली मुलं! मात्र गटात एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी हे प्रमाण खूपच खाली येई.

म्हणून आता "समजलं का?" विचारणं मी जवळजवळ सोडलंय. एका सुरात "होऽऽ" येतं, त्यातून काहीच कळत नाही. आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर उत्तर लिहायचं, चिठ्ठी उलटी ठेवायची, मग बोलायचं. पालकांनाही सांगते, "बाकीच्यांचं काय आलं?" हे घरी आधी विचारू नका, "तुझं कसं आलं?" विचारा.

त्या मुलीला मी पट्टी दिली आणि फळ्यापाशी बोलावलं. तिने सहा भाग केले, पाच रंगवले. मागच्या बाकावरून एकजण हळूच म्हणाला, "माझंपण आधी हेच होतं."