सर्व्हर चालू, तरी फोल्डर बंद

भंडारा जिल्ह्यातल्या वरठीसारख्या कारखान्याच्या गावात ट्रान्सपोर्टर, कंत्राटदार, दुकानदार अशा सगळ्यांचा हिशेब आता कॉम्प्युटरवर आला आहे. लहान ऑफिसात बहुधा एखादा जुना कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून कोपऱ्यात ठेवतात आणि बाकीची टेबलं त्याच्यावरचा शेअर फोल्डर वापरतात. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चालतं. मग एक दिवस विंडोज 11 चा नवा कॉम्प्युटर येतो. त्यावर इंटरनेट चालतं, प्रिंटर चालतो, फक्त तो फोल्डर काही उघडत नाही.

बिघाड बहुतेक वेळा वायरीत नसतो. विंडोजमध्ये फाईलींची देवाणघेवाण ज्या नियमांनी होते त्यांना एसएमबी म्हणतात. 1980च्या दशकात आयबीएममध्ये ते तयार झाले. 2006 मध्ये दुसरी आवृत्ती आली, 2012 मध्ये तिसरी. जोडणी करताना दोन्ही कॉम्प्युटर दोघांनाही येणारी आवृत्ती शोधतात. जुन्या सर्व्हरला पहिलीच येत असेल आणि नव्या कॉम्प्युटरवर ती बंद असेल, तर बोलणं सुरूच होत नाही.

पहिली आवृत्ती बंद का झाली, याचं उत्तर न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात सापडतं. 27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाजवाहतूक समूहाची यंत्रणा जगभर ठप्प केली, तेव्हा या बंदरातलं त्यांचं कंटेनर टर्मिनलही अडकलं. या प्रोग्रॅमला पसरायला ज्या वाटा मिळाल्या, त्यांतली एक एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीची होती. मायक्रोसॉफ्टने तिची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांच्याकडे ही वाट उघडीच राहिली. ऑक्टोबर 2017 पासून विंडोज 10 च्या नव्या आवृत्त्यांत एसएमबी-1, म्हणजे ही पहिली आवृत्ती, आपोआप बसवणं थांबलं. लिनक्स सर्व्हरवर हेच काम करणाऱ्या सांबानेही 2019 मध्ये ती मुळातच बंद ठेवली.

तपासणी क्रमाने करावी. आधी सर्व्हरच्या आयपी पत्त्यावर पिंग करावं. मग पत्ता वापरून फोल्डर उघडून पाहावा. पत्त्याने उघडतो पण नावाने नाही, तर दोष नाव शोधण्यात आहे: गाव वरठी, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव भंडारा रोड, तसाच हा घोळ. पत्त्यानेही उघडत नसेल तर फायरवॉलमध्ये पोर्ट 445 अडवलं आहे का, हे बघावं. त्यानंतर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठलेला जुना पासवर्ड काढून टाकावा.

आवृत्ती कळायला, ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर उघडतो तिथे अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेल उघडून ‘गेट-एसएमबीकनेक्शन’ ही आज्ञा द्यावी. ‘डायलेक्ट’च्या रकान्यात 1.5 दिसलं, तर सर्व्हर पहिल्याच आवृत्तीवर अडकला आहे. आकडा 2 किंवा 3 ने सुरू होत असेल, तर संशय लॉगिनवर. 2024 मध्ये आलेल्या विंडोज 11 च्या 24एच2 या आवृत्तीची प्रो आणि एंटरप्राइझ रूपं बिनपासवर्डचा ‘गेस्ट’ प्रवेश नाकारतात आणि जोडणीवर डिजिटल सही मागतात. अशा वेळी सर्व्हरवर प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड असलेलं खातं उघडलं की प्रश्न बहुतेक सुटतो.

नव्या कॉम्प्युटरवर एसएमबी-1 पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. काम पाच मिनिटांत होतं, पण सगळ्या ऑफिसचा हिशेब धोक्यात येतो. आधी फाईलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, मग सर्व्हर अद्ययावत करावा. तो होतच नसेल, तर बदलावा.