जांभळाची बाटली कुठल्या ग्रुपवर टाकू?

समजा, बदलापूरच्या सोनिवलीतल्या एका घरात जूनच्या पहिल्या आठवड्यात जांभळाचं सरबत तयार झालंय. बाटल्या धुवून वाळवून भरल्या, लेबलं चिकटली, फोटोही निघाला. आता तो टाकायचा कुठे? बहुतेक जण हाताशी असलेल्या सगळ्या ग्रुपांवर टाकून मोकळे होतात. माझं ऐकाल तर दोनच निवडा. निवडायच्या आधी या काही गमती वाचा.

१,०२४ माणसं की ६० घरं? व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात, टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये तर २ लाख. आकड्याला भुलू नका. ६० घरांच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी 'बी विंगला आणून द्याल का?' असं विचारलं, की बाटली खपलीच म्हणायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हे अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. बाजार बंद आणि हापूस तयार, अशा पेचात कोकणातल्या बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांकडून थेट पेट्यांची मागणी घेतली. कृषी पणन मंडळानेही शेतकरी आणि सोसायट्यांची गाठ घालून दिली. सोसायटीतलं कुणीतरी यादी करायचं, टेम्पो गेटवर यायचा, पेट्या मजल्यामजल्यावर जायच्या. ओळखीच्या माणसाने केलेल्या यादीवर लोक निर्धास्तपणे नाव घालतात.

नंबर सेव्ह केलाय ना? व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण मेसेज पोचतो तो फक्त तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच! म्हणून पहिली बाटली हातात देतानाच 'नंबर सेव्ह करून ठेवा हं' म्हणायचं. पुढच्या जूनची गिऱ्हाइकं तिथेच पक्की होतात.

दोन बाणांचा मेसेज. भारतात २०१८ पासून एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येतं. मेसेज पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरला की त्यावर दोन बाण उमटतात, आणि एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. तेव्हा मावशीला जाहिरात फॉरवर्ड करायला लावू नका. तिला बाटली द्या आणि तिच्या शब्दांत लिहू द्या. 'काल प्यायले, गोड कमी आहे, तुरटपणा छान राहिलाय' या एका ओळीपुढे रंगीत पोस्टर फिकं पडतं.

लोकलचं गणित. एम-इंडिकेटर हे सचिन टेके यांचं, लोकलच्या वेळा सांगणारं अ‍ॅप २०१० पासूनचं. त्यातल्या ट्रेन चॅटवर माणूस येतो तो 'गाडी कुठे आलीय?' विचारायला. घाईच्या त्या वेळी सरबताचा फोटो नकोच. मात्र रोजच्या डब्याचा स्वतःचा ग्रुप असेल तर गोष्ट वेगळी. दसऱ्याला डबा सजवून पूजा करणारी हीच मंडळी नमुन्याचा घोट प्रेमाने घेतील आणि चव खरी सांगतील.

दारावरची पाटी. 'पुला', म्हणजे पुणे लेडीज, हा फेसबुकवरचा फक्त बायकांचा ग्रुप २०१५ मध्ये सुरू झाला आणि सदस्यसंख्या लाखांत गेली. एवढ्या मोठ्या घरात शिरताना आधी नियम वाचावेत, विक्रीची पोस्ट चालते का ते अ‍ॅडमिनला विचारावं. शिवाय काचेची बाटली पुण्याला धाडायची तर कुरिअरचा खर्च आधी मांडा.

आणि बाटलीऐवजी अ‍ॅप बनवलं असेल तर? मग नवी अ‍ॅप लोकांसमोर मांडायची, २०१३ मध्ये सुरू झालेली प्रॉडक्ट हंट ही साइट बघा. तिथला दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने मध्यरात्री उजाडतो. सोनिवलीत तेव्हा, तिकडच्या ऋतूप्रमाणे, दुपारचे साडेबारा किंवा दीड वाजलेले असतात. जेवून बसा, रात्री जागायची गरज नाही!

लेबल फोटोत दिसू द्या. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ अंकी क्रमांक वाचता आला पाहिजे. ग्रुपवरचे जाणकार फोटो मोठा करून बघतात. बदलापूरच्या जांभळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, ही आपल्या भागाची केवढी शान! पण ते नाव मालावर मिरवायचा हक्क नोंदणी झालेल्या वापरकर्त्यांचाच, म्हणून आधी नोंदणीचं बघा.

फोटो एकच टाकायचा असेल तर बाटली थोडी मागे ठेवा. पुढे घरातलं पोर बसवा, जांभळी झालेली जीभ बाहेर काढून.