काँक्रीटला थोपवून धरताना

लॉस एंजेलिसमध्ये 15 फेब्रुवारी 2014 रोजी विल्शायर ग्रँड टॉवरचा पाया भरायला घेतला आणि काम थांबले ते थेट दुसऱ्या दिवशी. दोनशेहून अधिक ट्रान्झिट मिक्सरनी सुमारे 2100 खेपा केल्या. अठरा तासांच्या आसपास 16 हजार घनमीटरहून जास्त काँक्रीट खड्ड्यात उतरले. पायाची जाडी होती पाच मीटरहून अधिक. गिनेस बुकात या कामाची नोंद झाली.

एवढ्या मोठ्या भरणीत सगळ्यात मोठी धास्ती असते ती कोल्ड जॉइंटची. आधी ओतलेला थर आखडला आणि त्यावर नवा माल पडला, तर दोन्ही एकजीव होत नाहीत. बाहेरून दिसते ती नुसती एक रेघ. पण पुढे पाणी तिथूनच झिरपते, सळईला गंजही तिथूनच लागू शकतो. म्हणून व्हायब्रेटरची नीडल नव्या थरातून खाली, जुन्या थरातही दहा-पंधरा सेंटिमीटर घुसवतात. नीडल आत जाते आणि वर काढल्यावर भोक आपोआप बुजते, तोवर खालचा माल जिवंत आहे असे समजावे.

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्यातल्या रासायनिक क्रियेने ते घट्ट होते. पाणी पडले की घड्याळ सुरू! भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटने अर्ध्या तासाच्या आत आखडायला सुरुवात करता कामा नये आणि दहा तासांच्या आत ते पुरते बसले पाहिजे. ही चाचणी होते प्रयोगशाळेत, 27 अंशांना. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात ही क्रिया कितीतरी वेगाने होते. त्यात प्लांटपासून साइटपर्यंतची वाहतूक, पंपात अडकलेला माल, वाट बघत उभ्या राहिलेल्या गाड्या. हा सगळा वेळ कुठून आणायचा?

तो मिळवून देतो रिटार्डर, म्हणजे आखडणे लांबवणारा घटक. खरे तर सिमेंटच्या प्रत्येक गोणीत एक रिटार्डर आधीपासूनच असतो, तो म्हणजे जिप्सम. कारखान्यात दळताना ते मिसळले नाही, तर पाणी लागताच सिमेंट काही मिनिटांत आखडेल. त्याहून जास्त वेळ हवा असेल तर ग्लुकोनेट किंवा कागदासाठी लाकडाचा लगदा करताना मिळणारी लिग्नोसल्फोनेट वापरतात. घरातली साखरही हेच काम करते. या रेणूंचा पातळ थर सिमेंटच्या कणांवर आणि नुकत्याच तयार होणाऱ्या स्फटिकांवर बसतो आणि त्यांची वाढ काही तास रोखून धरतो.

मात्रा मात्र फार नाजूक. सिमेंटच्या वजनाच्या 0.05 टक्के, म्हणजे 50 किलोच्या गोणीला अवघी 25 ग्रॅम साखर, आखडणे सुमारे चार तास लांबवते. हीच मात्रा शंभर ग्रॅमच्या वर गेली तर माल जवळपास आखडतच नाही. म्हणून रिटार्डर अंदाजाने नव्हे, तर तेच सिमेंट, तेच पाणी आणि त्या दिवसाचे तापमान धरून ट्रायल मिक्स करूनच ठरवायचा असतो.

रोलर-कॉम्पॅक्टेड काँक्रीटच्या धरणांत तर हे तंत्र जीव की प्राण ठरते. अकोले तालुक्यातल्या घाटघर प्रकल्पाची धरणे याच पद्धतीची, भारतातली पहिली. अशा धरणावर पातळ थर पसरून रोलरने दाबतात. थराचा विस्तार मोठा असल्याने पुढचा थर यायला बरेच तास लागू शकतात आणि तोवर खालचा थर ताजा राहावा लागतो.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. रिटार्डरने उष्णता कमी होत नाही, तिची वेळ फक्त पुढे ढकलली जाते. जाड पायाच्या पोटात साठणारी उष्णता कमी करायची तर सिमेंटचा काही भाग फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅगने बदलावा लागतो, पाण्याऐवजी बर्फ घालावा लागतो किंवा आत थंड पाण्याचे पाइप टाकावे लागतात. विल्शायर ग्रँडच्या पायातही असेच पाइप होते. शिवाय माल उशिरा आखडतो तेव्हा शटरिंगवरचा दाब जास्त वेळ टिकतो आणि उघडा पृष्ठभाग उन्हा-वाऱ्याने तडकण्याचा धोका वाढतो. शटरिंग तितके मजबूत हवे आणि पृष्ठभाग झाकायची तयारी आधीच हवी.

रिटार्डरची आखणी आधीच केलेली नसली की साइटवर एकच उपाय उरतो: मिक्सरमध्ये पाण्याचा पाइप सोडणे. पाण्याने माल सैल होतो आणि पंपातून सहज जातो, पण ताकद कायमची घटते. रिटार्डर योग्य मात्रेत असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांची ताकद मागे राहते, 28 दिवसांची मात्र सहसा बरोबरीने येते.

घराचा स्लॅब रेडीमिक्सने भरून घेणाऱ्यांनी म्हणूनच प्रत्येक गाडीचे चलन पाहावे. माल भरल्याची वेळ त्यावर असते. भारतीय मानकानुसार तिथपासून साधारण दोन तासांत तो उतरायला हवा. रिटार्डर असेल तर जास्त मुदत चालते. ती किती, हे ऑर्डर देतानाच प्लांटकडून लिहून घ्यावे आणि त्यानंतर आलेली गाडी परत पाठवावी.