वेबसाइटच्या पोटातले नियम

एखाद्या संस्थेचं कामकाज वर्षानुवर्षं वेबसाइटवरून चाललं, की तिचे नियम त्या प्रणालीतच मुरतात. मंजुरी कोणाची, पैसे कधी, परतावा कोणत्या अटीवर, हे सगळं कोडमध्ये असतं. तो लिहिणारे नोकरी सोडून गेलेले असतात, माहितीपुस्तिका जुनी झालेली असते. मग नवी प्रणाली उभारताना पहिला प्रश्न पडतो : आपलं काम नेमकं चालतं कसं? चालत्या प्रणालीकडूनच हे उत्तर काढून घेणं म्हणजे रिव्हर्स इंजिनीअरिंग.

आयआरसीटीसीची तिकीटविक्री घ्या. २००२ पासून ती ऑनलाइन आहे. गाडी निवडा, प्रवाशांची नावं भरा, पैसे द्या, पीएनआर घ्या. हा सरळ रस्ता कुणालाही दिसतो. अभ्यासकाला मात्र आडवाटा तपासाव्या लागतात. सगळेच प्रवासी वेटिंगवर राहिले, तर चार्ट तयार झाल्यावर ई-तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. त्यातल्या एकाचं जरी कन्फर्म झालं, तर ते आपोआप रद्द होत नाही. ही दोन प्रकरणं शेजारी ठेवली, की कोडची एकही ओळ न वाचता नियम उमगतो : हा निर्णय एकेका प्रवाशाचा नसून अख्ख्या पीएनआरचा असतो.

दुसरा मार्ग नोंदींचा. प्रकरणाचा क्रमांक, झालेली कृती आणि तिची वेळ, एवढ्या तीन गोष्टी सर्व्हरवर साठत असल्या तरी कामाचा नकाशा काढता येतो. नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ विल व्हॅन डर आल्स्ट यांनी या ‘प्रोसेस मायनिंग’चा पाया घातला. कोणती फाइल पुन्हापुन्हा मागे फिरते, कुठे अनेक दिवस अडकते, हे त्यातून लख्ख दिसतं.

पण नोंद ‘काय झालं’ एवढंच सांगते; ‘का’ ते सांगत नाही. एखादी अट कायद्याने आलेली असेल, नाहीतर कधीकाळच्या तांत्रिक अडचणीपायी घातलेली असेल. म्हणून नकाशा घेऊन खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांशी बोलावंच लागतं. हे टाळून जुनं जसंच्या तसं उतरवलं, तर मेलेले नियम नव्या यंत्रणेत पुन्हा जिवंत होतात. ते सरसकट टाकून दिलं, तर एखाद्या अपवादावर विसंबलेल्या माणसाचा हक्क बुडतो. ज्या अर्जावर कुणाची पेन्शन किंवा शिष्यवृत्ती ठरते, त्याचे नियम आधी शोधून, साध्या मराठीत लिहून लोकांसमोर ठेवावेत. नव्या प्रणालीचं कंत्राट त्यानंतर काढावं.