ओल्या वाळूवरील खोटी हाक

धातुशोधक यंत्र धातू ओळखते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. नावच तसे असल्यामुळे समजाला दोष देता येत नाही. वास्तविक या यंत्राला दोनच गोष्टी कळतात : समोरच्या वस्तूतून वीज वाहते काय, आणि ती वस्तू चुंबकाला दाद देते काय. दांड्याच्या टोकाशी असलेल्या तबकडीत तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला की खालच्या वाहक पदार्थात विजेचे भोवरे उठतात आणि त्यांची चाहूल लागताच यंत्र वाजते. नाणे असो की खारे पाणी, भोवरे दोहोंतही उठणारच.

तांबे समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे एक कोटी पटींनी सरस वाहक आहे. मग पाण्याचे भय ते काय? तर अंगठी एवढीशी, आणि ओली वाळू तबकडीखाली सगळीकडे पसरलेली! नळाच्या गोड्या पाण्याची वाहकता पुष्कळच कमी. म्हणून पावसाने भिजलेल्या साध्या शेतात हा उपद्रव सहसा एवढा जाणवत नाही.

यंत्र बडबडू लागले की प्रथम तबकडी हवेत स्थिर धरावी. तरीही ते वाजत राहिले, तर जमीन निर्दोष. मग जोडणीत शिरलेले पाणी, दांड्यावर सैल लोंबणारी तार, तबकडी व तिचे झाकण यांमध्ये साचलेली खारी वाळू, किंवा जवळपासच्या विजेच्या तारा यांकडे पाहावे. हवेत ते गप्प बसले, तर मात्र दोष वाळूकडे जातो. पुरलेली वस्तू एकाच जागी, दोन्ही बाजूंनी, पुनःपुन्हा हाक देते. वाळूची हाक तबकडी वरखाली झाली, किंवा कोरड्यातून ओल्यात शिरली, की उठते. यासाठी लाटेच्या रेषेला समांतर, एकाच उंचीवरून चालावे आणि यंत्राचा तोल ओल्या वाळूवरच साधावा.

आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यासारखी काळी, लोहयुक्त वाळू असेल तर खरी पंचाईत. लोहकणांचा परिणाम एका प्रकारचा, मिठाचा दुसऱ्या प्रकारचा. एकाच कंपनसंख्येवर चालणाऱ्या यंत्राला एकाचा तोल साधला की दुसरा बिघडतो. मिठाचा परिणाम कंपनसंख्येबरोबर वाढतो, लोहकणांचा जवळजवळ तसाच राहतो. अनेक कंपनसंख्या एकदम वापरणारी यंत्रे हाच फरक ताडून दोन्ही वजा करतात. दुसरी जात स्पंदांची : प्रवाहाचा झटका देऊन क्षणभर थांबायचे आणि मग ऐकायचे. पाण्यातील भोवरे तोवर विरलेले असतात, धातूतील बहुधा टिकून असतात.

सर्वांत सोपा उपाय संवेदनक्षमता कमी करण्याचा. अंगठी शोधणाऱ्याचे त्यात फारतर खोलवरची एखादी अंगठी हुकेल. सुरुंग काढणाऱ्याला ही चैन परवडत नाही. फॉकलंड बेटांवर १९८२ च्या युद्धात पेरलेले सुरुंग पुरते निघाले ते २०२० मध्ये. किनाऱ्याची वाळूही त्यांतून सुटली नव्हती. प्लॅस्टिकच्या सुरुंगात धातू कित्येकदा एखाद-दोन ग्रॅमच असतो. म्हणून असल्या कामात तेवढाच धातूचा तुकडा त्याच मातीत ठरल्या खोलीवर पुरून आधी यंत्राची परीक्षा घेतात. तो ऐकू आला नाही, तर त्या जमिनीवर ते यंत्र चालवत नाहीत; ऐकू आला, तर पुढची प्रत्येक हाक खरी मानून माती हाताने, हळूहळू उकरतात.